टबातला मासा

आमच्या टबात कालपासून मासा आहे.
जिवंत, दोन किलोचा, गढूळ सोनेरी कार्प,
राडेकनं रॉटरडॅमहून पैसे भरून घरपोच धाडलेला.
"यंदाही सगळं अगदी तसंच व्हायला हवं, बोग्ना.
बाबांसाठी."
उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.
शेळी चौथ्या मजल्यावर आहे,
लिफ्ट ऑक्टोबरपासून बंद.

आणि बाबांना आंघोळ कुठे घालायची?
हे कुणी विचारत नाही.
शेवटी स्वयंपाकघरात, ओव्हनचं दार उघडं टाकून,
खुर्चीत बसवून अंग पुसलं कोमट फडक्यानं.
पाठीवरचा तीळ अजून तिथेच आहे.

बाबांकडे एकच शब्द उरलाय.
एकतीस वर्षं रादोमच्या स्टेशनवर गाड्या पुकारल्या त्यांनी,
क्राकूव्हची, लुब्लिनची, उशिराच्या सगळ्या.
मार्चमध्ये मेंदूत गुठळी अडकली
आणि फलाट रिकामा झाला.
भूक लागली? "उद्या."
दुखतंय कुठे? "उद्या."
मी कोण आहे, बाबा?
"उद्या."
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्थ शोधत बसू नका.
मी शोधते.
रात्री तीन वाजता दुसरं काय शोधणार?

फ्रिजवर यादी लावली होती,
आई करायची ते बारा पदार्थ, बारा प्रेषितांचे.
आज पहाटे, तिसऱ्यांदा चादर बदलल्यावर,
पेन्सिल घेतली.
हेरिंग गेलं. कोबी-वाटाणा गेला.
खसखशीचा केक खोडताना हात जरा अडला,
मग तोही गेला.
बीटाचं सार राहिलं, बटाटे राहिले,
पियेरोगी खालच्या पानी त्सेत्सिल्यांनी दिल्या, मी नको म्हटलं नाही
(पूर्वी म्हटलं असतं),
आणि सुक्या फळांचं पाणी, पावडर घालून दाट केलेलं,
म्हणजे बाबांना ठसका लागत नाही.
चार.
उरलेले आठ प्रेषित समजून घेतील.
त्यांच्याही घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असेल.

दुपारी मोगरी काढली.
हे काम दरवर्षी बाबांचं. आम्हा पोरांना बाहेर काढून
दार लावून घ्यायचे, आणि आतून नळाचा आवाज.
आता त्यांची खुर्ची न्हाणीघराच्या दारातच होती,
सकाळपासून दुसरीकडे कुठे शांत बसेनात.
डावा हात पाण्यात सोडलेला.
मासा त्या बोटांखालून जायचा, वळायचा, परत जायचा.
मी बाही सारली, मोगरी उचलली.

"उद्या," बाबा म्हणाले.

नऊ महिन्यांत पहिल्यांदा
तो शब्द बरोबर वेळेवर आला होता.
मी कमोडच्या झाकणावर बसून इतकी हसले
की शेवटी शेवटी ते हसू राहिलं नाही.

सहाला राडेकचा फोन.
"मासा झाला?"
"उद्या," मी म्हटलं.
आणि मग, तोंड उघडलंच होतं म्हणून,
"राडेक, सव्वीसला तू ये. दोन रात्री राहा.
पैसे नकोत. मला झोपायचंय."
पलीकडे कुणीतरी ग्लास विसळत होतं,
बराच वेळ तेवढंच ऐकू आलं.
"बघतो," तो म्हणाला.
आमच्या घरात 'उद्या' असाही म्हणतात.

पहिली चांदणी बघायची राहून गेली, ढग होते.
टेबलक्लॉथखाली गवताच्या चार काड्या सरकवल्या,
अवचित येणाऱ्या पाहुण्याचं रिकामं ताट मांडलं,
आणि थोड्या वेळानं त्यातच बाबांची औषधं काढून ठेवली.
पांढरी पातळ पापडी मोडून अर्धी त्यांना भरवली.
शुभेच्छा काय द्यायच्या, सुचेना.
त्यांनी माझ्या कपाळाला ओला हात लावला.
माशाचा वास येत होता.

म्हणतात, आज मध्यरात्री जनावरांना वाचा फुटते.
बाराच्या सुमारास टबात पाणी हललं,
एकदा, मग पुन्हा.
मी ऐकलं.
कूस बदलली.
उठले नाही.